रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी

सोमवार, ४ ऑक्टोबर २०२१. त्या रात्री फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम जगभर एकाच वेळी बंद पडलं आणि सुमारे सहा तास बंदच राहिलं. कुणी हल्ला केला नव्हता, समुद्रातली केबल तुटली नव्हती, कुठल्या सरकारने आदेश काढला नव्हता. कंपनीच्याच माणसाने, रोजच्या देखभालीच्या कामात दिलेली एक कमांड याला कारणीभूत ठरली.

या घटनेची हकिगत नेहमी कॅलिफोर्नियातून सांगितली जाते. इथे ती सातपुड्यातून, नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळकडे नजर ठेवून सांगितली आहे. म्हणून सगळ्या वेळा भारतीय आहेत.

पहाटे ५ च्या सुमारास: सोळा तास आधी

अमेरिकेत अजून रविवारची संध्याकाळ आहे. सीबीएस वाहिनीच्या '६० मिनिट्स' या कार्यक्रमात फ्रान्सेस हॉगन ही फेसबुकची माजी कर्मचारी पहिल्यांदाच चेहरा उघड करून बोलते. कंपनीची अंतर्गत कागदपत्रं तिनेच बाहेर दिलेली असतात. लोकांच्या हिताशी कंपनीच्या फायद्याची गाठ पडली की फेसबुक दर वेळी आपला फायदा निवडतं, हा तिचा आरोप. मंगळवारी तिला अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष द्यायची आहे. रात्री सगळं ठप्प झाल्यावर अनेकांच्या मनात पहिला संशय येणार तो याच मुलाखतीवरून. तो खोटा निघेल, पण त्याला अजून वेळ आहे.

सकाळी १०: अकरा तास आधी

महाराष्ट्रात आज शाळा उघडल्या आहेत. ग्रामीण भागात पाचवी ते बारावी, शहरांत आठवी ते बारावी. 'माझे विद्यार्थी, माझी जबाबदारी' ही मोहीमही आजपासूनच सुरू. दीड वर्ष बहुतेक मुलांची शाळा म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचा एक ग्रुप होता: सकाळी बाईंचा व्हिडिओ, दुपारी पीडीएफ, संध्याकाळी वहीच्या पानाचा तिरका फोटो.

तोरणमाळच्या भोवती मात्र ही शाळा अर्धीमुर्धीच पोचली. अकराशे मीटरहून उंचावरचं हे पठार. वर यशवंत तलाव, गोरखनाथाचं मंदिर, पर्यटकांची सीताखाई. वस्ती मात्र दऱ्याखोऱ्यांत विखुरलेल्या पाड्यांवर. धडगाव-अक्कलकुव्याच्या या डोंगरी पट्ट्यात रेंज म्हणजे घाटातलं एखादं ठरलेलं वळण किंवा एखादी टेकडी. फोन लावायचा तर तिथवर चढून जायचं, बोलायचं आणि उतरायचं. ऑनलाइन वर्गासाठी पोरं डोंगरावर जाऊन बसतात, अशा बातम्या याच भागातून आल्या. ज्या शिक्षकांना हे परवडलं नाही, त्यांनी पाड्यावर जाऊन अंगणात फळा टेकवला. नेटवर विसंबता येत नाही, ही इथली तक्रार जुनीच. आज रात्रीपुरतं तेच शहाणपण ठरणार आहे.

दुपारी १: आठ तास आधी

उद्या मतदान आहे. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालामुळे रिक्त झालेल्या जागांसाठी नंदुरबार, धुळे, अकोला, वाशीम, नागपूर आणि पालघर या सहा जिल्ह्यांत जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांच्या पोटनिवडणुका ५ ऑक्टोबरला ठरल्या आहेत. मतदानाच्या आदल्या दिवशीची गडबड ज्याने ड्यूटी केली आहे त्याला सांगायला नको. तालुक्याच्या ठिकाणी मंडप, ध्वनिक्षेपकावर पथकांचे क्रमांक, टेबलावर यंत्र, मतदार यादी, शाईची बाटली, लाख. एकेक वस्तू यादीशी ताडून सही करायची आणि गाडी शोधायची.

गाडी कुठे लागली, चालकाचा नंबर काय, कोण आलं, कोण आजारी पडलं, हे सगळं आता व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं. त्याचा कुठे लेखी आदेश नसतो, पण फुकट, सोपं आणि सगळ्यांच्या हातात असलेलं साधन सरकारी कामाने आपोआप उचललं.

ज्या केंद्रांवर रेंज नसते त्यांची व्यवस्था मात्र वेगळी लागते. निवडणुकीच्या भाषेत तो 'शॅडो एरिया'. तिथे पोलिसांचा बिनतारी संच किंवा निरोप घेऊन जाणारा माणूस कामी येतो. मतदानाची टक्केवारी वर कळवायची कशी, हे आधीच ठरवून ठेवावं लागतं.

याच नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. तेव्हापासून रेशन, शिष्यवृत्ती, खात्यावरचे पैसे या सगळ्यांना नेटचा धागा जोडला गेला. धागा जितका महत्त्वाचा होत गेला, तितकी दुसऱ्या धाग्याची तजवीज मात्र वाढली नाही.

संध्याकाळी ६: तीन तास आधी

फोनवर बोट ठेवल्यावर काय होतं ते आता बघून ठेवू, कारण तीन तासांनी नेमकं हेच मोडणार आहे.

इंटरनेट हे एक जाळं नाही. ते ७० हजारांहून जास्त स्वतंत्र जाळ्यांचं गणगोत आहे. कुणी दूरसंचार कंपनी, कुणी विद्यापीठ, कुणी बँक. प्रत्येकाला एक क्रमांक आहे, फेसबुकचा ३२९३४. संदेश पोचायला दोन गोष्टी लागतात. पहिली डीएनएस: माणसाला कळणाऱ्या नावाचं यंत्राला कळणाऱ्या आकड्यात रूपांतर करणारी यंत्रणा. दुसरी बीजीपी: 'हे आकडे माझ्याकडे आहेत, माझ्यापर्यंत असं या' हे प्रत्येक जाळ्याने शेजारच्या जाळ्यांना सतत सांगत राहण्याची रीत. शेजारी ते ऐकतो आणि पुढच्याला सांगतो. काही मिनिटांत ही खबर जगभर होते.

१९८९ च्या जानेवारीत टेक्सासमधल्या ऑस्टिनला एका परिषदेत जेवायच्या सुट्टीत सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनी या रीतीचा आराखडा कागदी रुमालांवर लिहून काढला. तेव्हा जाळी मोजकी होती आणि ती चालवणारे एकमेकांना ओळखत. शेजारी खोटं बोलणार नाही, चुकणार नाही, हे गृहीत होतं. जाळी वाढली, ओळखी संपल्या, गृहीतक तेच राहिलं.

रात्री ८: एक तास आधी

हे गृहीतक याआधीही फसलं आहे. २४ फेब्रुवारी २००८ च्या रात्री, आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर, पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरतं यूट्यूब बंद करण्यासाठी यूट्यूबच्या पत्त्यांचा एक खोटा मार्ग जाहीर केला. तो चुकून बाहेर गेला, हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूने न तपासता पुढे पाठवला आणि जगाच्या मोठ्या भागातून यूट्यूबकडे निघालेली वाहतूक पाकिस्तानकडे वळली. ते निस्तरायला दोन तासांहून जास्त गेले. १६ एप्रिल २०२१ च्या संध्याकाळी भारतातल्या व्होडाफोन आयडियाच्या एका जाळ्याने इतरांचे ३० हजारांहून जास्त मार्ग आपलेच म्हणून जाहीर केले. ते काही मिनिटांत आवरलं, म्हणून त्याची फार चर्चा झाली नाही.

अशा चुकांवर उपाय आहेत. मार्ग जाहीर करणाऱ्याचा त्या पत्त्यावर खरंच हक्क आहे का, हे डिजिटल सहीने तपासता येतं. इंटरनेट सोसायटीच्या पाठिंब्याने २०१४ पासून 'मॅनर्स' नावाचा शिष्टाचारही आहे. पण तो पाळणं ऐच्छिक आहे. शिवाय आज रात्री जे होणार आहे, त्यावर यातला एकही उपाय चालणार नाही. दुसऱ्याच्या पत्त्यावर कुणी हक्क सांगितला तर सही बघता येते. इथे मालकच आपला पत्ता मागे घेणार आहे.

या घडीला भारतात व्हॉट्सअ‍ॅप वापरणारे ५३ कोटी आणि फेसबुक वापरणारे ४१ कोटी आहेत. केंद्र सरकारने फेब्रुवारीत दिलेले हे आकडे.

रात्री ९: दहा मिनिटं आधी

कॅलिफोर्नियात सोमवारची सकाळ, साडेआठ. फेसबुकची डेटा सेंटर्स एकमेकांना जोडणारं कंपनीचं स्वतःचं जाळं आहे, जगभर पसरलेलं, हजारो किलोमीटर फायबरचं. त्यावर नेहमीची देखभाल चालू आहे. या जाळ्याची किती क्षमता मोकळी आहे हे तपासण्यासाठी एक कमांड दिली जाते.

अशी कमांड घातक असेल तर तिला अडवणारा ऑडिट प्रोग्राम कंपनीकडे आहे. त्यातच दोष आहे. तो कमांड जाऊ देतो.

रात्री ९:१०

क्षमता तपासायला निघालेली कमांड सगळ्या जोडण्याच तोडते. जगभरची फेसबुकची डेटा सेंटर्स एकमेकांपासून तुटतात.

एवढ्यावर थांबलं असतं तरी नुकसान मोठं होतं. पण फेसबुकची डीएनएस यंत्रं वेगळ्या, छोट्या केंद्रांमध्ये बसवलेली आहेत आणि त्यांना एक शिकवण दिलेली आहे: डेटा सेंटरशी बोलता येत नसेल तर समजा आपलंच जाळं बिघडलं आहे, अशा वेळी लोकांना आपल्याकडे बोलावू नका, आपला मार्ग मागे घ्या. एखादं केंद्र बिघडलं तर ही खबरदारी उत्तम. आज सगळ्याच केंद्रांना एकदम वाटतं की बिघाड आपल्यातच आहे, आणि सगळी केंद्रं एकदम मार्ग मागे घेतात. गाव जागेवर, रस्ता जागेवर, आणि प्रत्येक फाट्यावरची गावाच्या नावाची पाटी गावकऱ्यांनी स्वतःच उपटून नेली, असं हे झालं.

रात्री ९:२१ ते ९:२८

क्लाउडफ्लेअर ही जगातली मोठी डीएनएस सेवा चालवणारी कंपनी. फेसबुकचं नाव शोधणाऱ्यांना त्रुटीचा प्रतिसाद जातोय हे तिच्या अभियंत्यांच्या लक्षात येतं. त्यांना आधी वाटतं, दोष आपल्याच यंत्रणेत आहे. सात मिनिटांनी कळतं की फेसबुकच्या डीएनएसकडे जाणारे मार्गच नकाशावर उरलेले नाहीत.

इकडे व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशाखाली घड्याळाची खूण येते आणि टिक काही उमटत नाही. लोक आपले नेहमीचे उपाय करतात. फ्लाइट मोड लावून काढतात. फोन बंद करून चालू करतात. रिचार्ज संपलं का बघतात. वायफायवाले राउटरची पिन काढून परत खोचतात. घरातल्या घरात विचारणा होते, "तुझं चालू आहे का?" आणि तिघांचंही बंद आहे म्हटल्यावर 'नेट गेलं' असा निकाल लागतो.

नेट कुठेही गेलेलं नव्हतं. रेल्वेचं आरक्षण, बँकेचं अ‍ॅप, बातम्यांच्या साइट सगळं चालू होतं. पण ज्याच्या लेखी नेट म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप, त्याच्यासाठी हा फरक शाब्दिक होता.

रात्री १०

दोन अब्जांहून जास्त लोकांचे फोन जे सापडत नाही ते पुन्हा पुन्हा विचारू लागतात. माणूस एकदा प्रयत्न करून फोन बाजूला ठेवतो. अ‍ॅप थांबत नाही. क्लाउडफ्लेअरच्या डीएनएसवर फेसबुक आणि त्याच्या इतर सेवांसाठी येणारे प्रश्न नेहमीच्या तीसपट होतात. एकाचं बिघडलेलं घर आता शेजाऱ्यांवर भार टाकू लागतं.

फेसबुकला आपण बंद आहोत हे सांगायला ट्विटरवर जावं लागतं. 'facebook.com' हे नाव विक्रीला आहे, असं काही साइट आपोआप दाखवू लागतात, कारण त्यांचे प्रोग्राम बंद पडलेली नावं शोधत असतात. त्यावर विनोद सुरू होतात, तेही अर्थात ट्विटरवरच.

नंदुरबार, धुळे, पालघरमध्ये मतदानाची आदली रात्र. पथकं केंद्रांवर पोचलेली किंवा वाटेवर. ग्रुपवर टाकलेला निरोप आता पोचणार नाही. पोचवायचा तर एकेकाला फोन लावायचा. ज्याच्याकडे छापील यादीवर नंबर लिहिलेले आहेत त्याचं काम थांबत नाही. ज्याची यादीच ग्रुपवर पीडीएफमध्ये होती, त्याची पंचाईत.

आणि दरीतल्या पाड्यावर? तिथे नऊ वाजून दहा मिनिटांनी काहीही बदललं नाही. बिनतारी संच जसा होता तसाच आहे. त्याला ना डीएनएस लागतं ना डेटा सेंटर.

मध्यरात्र

फेसबुकच्या अभियंत्यांना आता कळलं आहे की काय बिघडलं. ते दुरुस्त करता येत नाही, कारण दुरुस्तीची साधनंही त्याच जाळ्यावर होती. दूरवरून डेटा सेंटरमध्ये शिरण्याचा नेहमीचा मार्ग बंद. मुख्य जाळं पडलं तर वापरायचं म्हणून ठेवलेलं पर्यायी जाळंही बंद. कंपनीतल्या माणसांनी आपसात बोलायचं व्यासपीठही फेसबुकचंच, म्हणजे तेही बंद. काही कर्मचाऱ्यांची ओळखपत्रं दारांना ओळखता येईनात, अशा बातम्या अमेरिकी वृत्तपत्रांनी दिल्या.

शेवटी माणसं पाठवावी लागतात. एक पथक कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराच्या डेटा सेंटरकडे जातं. या इमारती मुद्दाम अशा बांधलेल्या आहेत की बाहेरच्याला सहज आत शिरता येऊ नये आणि आत गेल्यावरही राउटरला हात लावणं सोपं असू नये. सुरक्षेसाठी केलेली प्रत्येक गोष्ट आज दुरुस्तीला उशीर करते.

मध्यरात्रीनंतर १

चार तास झाले. तक्रार कुणाकडे करायची?

आयकॅन ही १९९८ मध्ये स्थापन झालेली संस्था इंटरनेटवरची नावं आणि क्रमांक यांचा कारभार बघते. त्यावरची अमेरिकी सरकारची देखरेख १ ऑक्टोबर २०१६ ला संपली. सगळ्या नावांच्या मुळाशी असलेले तेरा मूळ सर्व्हर बारा वेगवेगळ्या संस्था चालवतात आणि त्यांच्या प्रती मुंबईसह जगभर आहेत. भारतातली वाहतूक देशातल्या देशात फिरावी म्हणून २००३ मध्ये 'निक्सी' स्थापन झाली. त्या रात्री यातली प्रत्येक संस्था आपलं काम नीट करत होती. कुठेही बिघाड नव्हता. आणि यातल्या एकीलाही फेसबुकचा मार्ग परत जाहीर करण्याचा अधिकार नव्हता. जाळं ज्याचं, मार्ग त्याचा. मागे घ्यायचा हक्कही त्याचा.

हा दोष मानावा का? घाईने मानू नये. कुणा एकाच्या हातात बटण नाही, म्हणून तर कुणी एकजण जगाचं नेट बंद करू शकत नाही. जिथे बटण आहे तिथे ते दाबलं जातं. त्याच दोन दिवसांत उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खीरीमध्ये हिंसाचारानंतर प्रशासनाने इंटरनेट बंद केलं होतं. भारतात असे आदेश काढण्यासाठी त्या वेळी २०१७ चे खास नियम होते. तेव्हा सगळ्या जगाचा कारभार एका महासत्तेकडे किंवा एका दप्तराकडे द्यावा, हा धडा या रात्रीतून निघत नाही.

निघतो तो वेगळाच. जाळ्याची रचना विखुरलेली आहे म्हणून ते टिकलं. आपण मात्र त्या विखुरलेल्या जाळ्यावर आपलं सगळं एकाच कंपनीच्या तीन अ‍ॅपमध्ये नेऊन ठेवलं. इंटरनेटच्या संस्थापकांनी जे एकवटू दिलं नव्हतं, ते वापरणाऱ्यांनी सोयीसाठी एकवटलं.

मध्यरात्रीनंतर २:३० ते पहाट

अडीचच्या सुमाराला फेसबुकचे मार्ग पुन्हा जाहीर होऊ लागतात. २ वाजून ५० मिनिटांच्या आसपास नाव पुन्हा सापडू लागतं. तरी सगळं एकदम चालू करता येत नाही. डेटा सेंटर्सचा वीजवापर कित्येक मेगावॉटनी खाली आलेला असतो. एकदम भार दिला तर विजेच्या यंत्रणेपासून सगळंच पुन्हा कोसळेल. अशा प्रसंगाच्या तालमी कंपनीने केलेल्या होत्या, त्या इथे उपयोगी पडतात. पण अख्खं अंतर्गत जाळंच एकदम जाईल, अशी तालीम झालेली नव्हती, हे कंपनीचे पायाभूत सुविधांचे प्रमुख संतोष जनार्दन यांनी नंतर लिहून मान्य केलं.

त्या एका दिवसात टेलिग्रामला सात कोटी नवे वापरकर्ते मिळाले, असं त्याचे संस्थापक पावेल दुरोव्ह यांनी सांगितलं. म्हणजे लोक एका टोपलीतून उठून दुसऱ्या टोपलीत जाऊन बसले.

मंगळवार, सकाळ

मतदान ठरल्याप्रमाणे झालं. ग्रुपवर रात्रीचे अडकलेले निरोप एकदम येऊन पडले, त्यातले निम्मे कालबाह्य. दुपारपर्यंत लोक सगळं विसरूनही गेले.

विसरू नये ते एवढंच. जिथे रेंज नाही तिथल्या मतदान केंद्रासाठी निवडणूक यंत्रणा आधी विचार करते: संपर्क तुटला तर काय? निरोप कोण नेणार, किती वाजता, कुणाकडे? हा प्रश्न शहाद्याला किंवा पुण्याला कुणी विचारत नाही, कारण तिथे रेंज आहे. तोच प्रश्न प्रत्येक तहसील, रुग्णालय आणि शाळेने वर्षातून एकदा तरी स्वतःला विचारायला हवा, उत्तर कागदावर हवं आणि ते करून बघितलेलं हवं. छापील नंबरांची यादी, एसएमएसची सोय, दुसऱ्या कंपनीची एक वाट, आणीबाणीसाठी बिनतारी. यातलं काहीच महाग नाही. आयकॅनच्या बैठकीत काय ठरेल ते आपल्या हातात नाही. कामाचा प्रत्येक निरोप एकाच अ‍ॅपवर टाकायचा की नाही, हे मात्र आपल्याच हातात आहे आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही.